मायक्रॉनभर तेलावर तरंगणारी गाडी

शिरोलीची औद्योगिक वसाहत हातकणंगले तालुक्यात येते. पुणे–बेंगळुरू महामार्गालगत इथे ओतकामाच्या भट्ट्या पेटतात, मेनन पिस्टन्ससारख्या कारखान्यात पिस्टन घडतात, आणि कामगारांची अख्खी पाळी मायक्रॉन मोजण्यात जाते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. इंजिनातला क्रँकशाफ्ट आणि त्याचं बेअरिंग यांच्यातली फट बहुधा त्याहूनही कमी. गाडीत कुठलं ऑईल घालायचं हा प्रश्न खरं तर ही फट ठरली तेव्हाच निम्मा सुटलेला असतो. आपण मात्र हातकणंगल्यातल्या दुकानात, डब्यांच्या रांगेसमोर उभं राहून, तो नव्याने सोडवू पाहतो.

या फटीत काय चालतं, ते पहिल्यांदा उघडकीस आलं एका बुचामुळे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसासारख्या आसावर प्रयोग करत होता. फिरता आस खालून तेलात बुडालेला, वरून पितळी बेअरिंगचा भार. तेल सोडायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं! त्याने भोकात बूच मारलं. तेलाने ते ढकलून दिलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. मग त्याने तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवर भार होता चौरस इंचाला सुमारे शंभर पौंड, आणि काटा दोनशेच्या पुढे निघून गेला. आत कुठलाही पंप नव्हता. आस नुसता फिरत होता, एवढंच.

तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं. तेल धातूला चिकटतं, म्हणून फिरणारा आस ते स्वतःबरोबर ओढत नेतो. फट पुढे अरुंद होत जाते, तेलाला तिथून निसटायला वेळ मिळत नाही, आणि त्या पाचरीत असा दाब तयार होतो की सगळा भार उचलला जातो. म्हणजे चालत्या इंजिनात क्रँकशाफ्ट बेअरिंगवर टेकलेला नसतोच. काही मायक्रॉन तेलावर तो तरंगत असतो, मिनिटाला तीन हजार फेरे घेत. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि हातकणंगले हे त्यावरचं एक स्टेशन. तेव्हापासून या रुळांवरून गेलेल्या इंजिनांच्या आसांखालीही हेच घडत होतं.

मग तेल जितकं जाड तितकं चांगलं, नाही का? इथेच आपली फसगत होते. जर्मनीच्या रिचर्ड श्ट्रिबेक यांनी १९०२ च्या सुमारास दाखवलं की घर्षणाचा हिशेब तीन गोष्टींवर बसतो: तेलाचा घट्टपणा, फिरण्याचा वेग आणि भार. वेग कमी, भार जास्त, तर घट्ट तेल हवं. वेग भरपूर असेल तर पातळ तेलही पुरेसा थर उभा करतं, आणि घट्ट तेल उगाच इंजिनाची ताकद खातं. आपल्या तालुक्यात याची दोन्ही टोकं पाहायला मिळतात. हुपरीच्या जवाहर कारखान्याकडे ऊस नेणारी बैलगाडी: दोन-दोन टनांचा भार आणि बैलांची चाल. तिच्या कण्याला दाट वंगणच लागतं. उलट इचलकरंजीत सूत कातणाऱ्या चात्या मिनिटाला हजारो फेरे घेतात, त्यांना पातळ तेल. चातीला गाडीचं वंगण लावा असं कोणी म्हणत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र 'आपल्याकडं ऊन कडक, जाडच टाका' हे वाक्य सर्रास ऐकू येतं.

उन्हाचा इथे फारसा संबंध नाही. बाहेर चाळीस अंश असोत की पंधरा, थर्मोस्टॅट इंजिनातलं पाणी नव्वदच्या आसपास ठेवतो आणि तेल शंभराच्या घरात राहतं. डब्यावरच्या '५डब्ल्यू-३०' या ग्रेडमधला दुसरा आकडा या शंभर अंशांचाच आहे. ३० म्हणजे त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३. आपलं शेंगतेल खोलीच्या तापमानाला याच्या कितीतरी पट घट्ट असतं. धावत्या गाडीतलं ऑईल इतकं पातळ झालेलं असतं. म्हणूनच दोन बोटांत ऑईल चोळून 'दम आहे' म्हणणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, पण पटत नाही. बोटांना तीस अंशांचं ऑईल कळतं. १५डब्ल्यू-४० चाळीस अंशांवर साधारण ११० सेंटिस्टोक असतं आणि शंभरावर १४-१५ उरतं. ही घसरण बोटांना कशी कळणार?

पहिला आकडा थंडीचा. ५डब्ल्यूची चाचणी उणे तीस अंशांवर होते, तेव्हा आपल्याला त्याचं काय, असं वाटेल. पण जानेवारीतल्या सकाळी पंधरा अंशांवरही ५डब्ल्यू-३० हे १५डब्ल्यू-४० च्या जवळपास निम्मंच घट्ट असतं. रात्रभर उभ्या गाडीत तेल निथळून तळाला गेलेलं, धातू धातूला टेकलेला, पाचर अजून बनायची आहे. झीज या पहिल्या क्षणांत मोठी होते, आणि वरच्या कॅमशाफ्टपर्यंत लवकर चढणारं तेल तिथे कामाला येतं.

एकच तेल थंडीत ५ आणि उष्णतेत ३० कसं वागतं, हेही नवलच. त्यात लांबलचक साखळीचे रेणू मिसळलेले असतात. थंडीत ते गुंडाळून पडतात, तापले की पसरतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. शिवाय जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग, जिथे पाचर अपुरी पडून धातू घासतो नेमका तिथेच काचेसारखा थर चढवतं, मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतका. हे सगळं नव्हतं तेव्हा पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत चक्क एरंडेल घालत, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. वैमानिक त्याचा धूर तासन्‌तास गिळत. पोटाचं काय होत असे, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

डिझेलवाल्यांनी एक गोष्ट वेगळी बघायची. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी गाळणारी जाळी असते. काजळी जळून जाते. ऑईलमधल्या धातूच्या संयुगांची राख मात्र जळत नाही, जाळीत साठत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑईल लागतं, आणि त्याची खूण डब्यावर ग्रेडच्या शेजारी बारीक अक्षरांत असते, सी२, सी३ अशी. ग्रेड जुळला तरी ही खूण जुळली नाही तर तो डबा तुमच्या गाडीचा नव्हे. गाडीसोबतच्या पुस्तिकेत दोन्ही छापलेलं असतं. ऑईल काळं पडलं म्हणून घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. आणि मोटारीचं उरलेलं ऑईल मोटरसायकलमध्ये ओतू नका. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, तो घसरायला लागतो.

आता 'जाड टाका' म्हणणाऱ्या मिस्त्रींची बाजू. ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात हात बसलेल्या या माणसांना मोकळ्या फटींची इंजिनं माहीत आहेत, आणि त्या इंजिनांना २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० मानवत होतं. तुमची गाडीही पुरेशी चालली असेल, बेअरिंग झिजून फट रुंदावली असेल, ऑईल प्रेशरचा दिवा लुकलुकत असेल, तर पुस्तिका छापली तेव्हाची फट आता राहिलेली नाही. अशा वेळी एक पायरी जाड ऑईल घातलं की दिवा विझतो, मिस्त्री खरे ठरतात. बोअर आणि बेअरिंगचं काम तेवढं काही महिने पुढे जातं.