बाई, तुमाला टिकली नाय?

तुमच्या घरात डी.एड. झालेलं कुणी असेल तर ‘पाठ’ या शब्दाची धास्ती तुम्हाला नव्यानं सांगायला नको. आता त्या अभ्यासक्रमाचं नाव डी.एल.एड. झालंय, पण धास्ती तीच. रात्री जागून टाचण काढायचं, पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवायची, आणि सकाळी वर्गाच्या मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या निरीक्षकांकडे न बघता मुलांकडे बघायचं. मुलं मात्र आपल्या कपाळाकडे बघत असतात, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं!

ही २००८ सालची गोष्ट. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. मी वसईच्या वाडीतली, कॅथलिक घरातली. सराव पाठांसाठी मला बोईसरच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. विरारला गाडी बदलायची, डहाणूकडे जाणारी शटल पकडायची, वैतरणेचा पूल, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. स्टेशनवर उतरलेली बहुतेक माणसं एमआयडीसीतल्या कारखान्यांकडे किंवा तारापूरच्या अणुवीज केंद्राकडे जायची. आम्ही दोघी-तिघी छात्राध्यापिका मात्र उलट्या दिशेची टमटम शोधायचो. १९६९ सालापासून वीज तयार करणारं केंद्र इतकं जवळ, आणि आमच्या वर्गात पंखा नव्हता.

पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, “तुम्ही ख्रिश्चन ना? मग तुम्ही इंग्रजीच घ्या. तुमचं घरातलंच आहे.” मला हसू आवरेना. आमच्या घरात सामवेदी बोली, शाळा पहिलीपासून मराठी, आणि इंग्रजीत मला जेमतेम पास होण्यापुरते गुण! बाबा वर्तमानपत्रही मराठीच वाचायचे. फादर स्टीफन्स जन्मानं इंग्रज, पण १६१६ साली त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात छापून निघालं ते मराठी ओव्यांचं. हे सगळं मुख्याध्यापकांना सांगायचं धाडस तेव्हा कुठलं? गुमान इंग्रजीचं पुस्तक घेतलं. आठवडाभरात माझं इंग्रजी त्यांच्या लक्षात आलं आणि परिसर अभ्यास माझ्याकडे आला.

तर टिकली. तिसरीचा वर्ग, बहुतेक मुलं वारली. हजेरी घेतेय तोच मधल्या रांगेतली एक किडकिडीत पोर उभी राहिली. “बाई, तुमाला टिकली नाय?”

“आमच्यात लावत नाहीत,” मी म्हटलं.

ती विचारात पडली. मग हळूच विचारते, “नवरा मेला?”

लग्न व्हायचं होतं हो माझं! मागं निरीक्षक खोकले. मी काहीतरी बोलून पुढं गेले, पण पोरीच्या चेहऱ्यावरची कणव काही गेली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं टिकल्यांचं एक पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. अर्धं वापरलेलं. आईचं असणार.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? लावावी तर आपल्या घरची रीत मोडते. परत करावं तर आठ वर्षांच्या जीवाचं मन मोडतं. त्यात पालकांपैकी एका आजीनं आदल्या दिवशीच दारात हटकलं होतं, “मिशनच्या का तुम्ही?” माझ्या गळ्यातला बारीक क्रूस तिनं बरोबर हेरला होता. मी सांगितलं, सरकारी कॉलेजची आहे, शिकवायला आले आहे. ते खरंच होतं, आणि सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळेत कुणाच्याच धर्माचं शिक्षण द्यायचं नाही हे आपल्या घटनेतच लिहिलेलं आहे. पण आजीला घटना काय सांगणार? मी क्रूस काढला नाही, लपवलाही नाही. टिकल्यांचं पाकीट टाचणवहीच्या कव्हराला आतून चिकटवलं आणि त्या पोरीला दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून वाडीतला मोगरा किंवा चाफा केसांत माळून जाऊ लागले. तेवढ्यानं तिचं समाधान झालं. बाई सवाष्ण ठरल्या!

माझी खरी परीक्षा झाली ती भाज्यांच्या पाठाला. कोबी, फ्लॉवर, गाजर यांची सुरेख रंगीत चित्रं नेली होती. वर्ग गप्प. “ही कुठली भाजी?” कुणी बोलेना. निरीक्षकांचं पेन चालू. मला वाटलं, मुलं मठ्ठ आहेत. हो, तोच शब्द मनात आला, कबूल करते. मग शेवटचा उपाय म्हणून विचारलं, “बरं, तुमच्या घरी आज काय केलं?” आणि बांध फुटला. टाकळा, कुरडू, लोथ, कोरल, शेवळं! जुलैचे दिवस, रान नुसतं उगवून आलेलं. मधल्या रांगेतली पोर उभी राहून मलाच विचारते, “बाई, शेवळाची खाज कशानं जाते?”

शेवळं मी लहानपणापासून खात आले आहे. आमच्याकडे कोलंबी घालून करतात. बाजारात आदिवासी बायका जुड्या घेऊन बसतात, आई आणते, आई करते, मी खाते. खाज कशानं जाते ते मला कुठं ठाऊक? तिनं सगळ्या वर्गाला सांगितलं: वरची पानं सोलायची, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, आणि काकडाची आंबट फळं वाटून घालायची. काकडाचं झाड कुठं आहे तेही सांगितलं. दोन मुलं धावत जाऊन डहाळी घेऊन आली. निरीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, ‘टाचणानुसार पाठ झाला नाही.’ खरंच होतं ते. पण पाठ झाला होता.

त्या दिवशी शटलमध्ये मला माझी पहिली आठवली. घरी बोलतो तशी मी वर्गात बोलले आणि बाई मोठ्यानं हसल्या, वर्गही हसला. पुढं कितीतरी महिने मी तोंड उघडलं नव्हतं. त्या बाईंनाही मी मठ्ठच वाटले असेन.

बोईसरच्या पुढं वाणगाव, डहाणू, घोलवड. घोलवडजवळ बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ साली बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीकडे येईनात, तेव्हा या बायका बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. तीच अंगणवाडी. १९७५ पासून ती सरकारी योजनेतून देशभर गेली. पुढं कोसबाडच्या टेकडीवर ही मुलं गुरांमागं असतात हे पाहिल्यावर त्यांनी कुरणातच शाळा भरवली. डी.एड.च्या परीक्षेत हे मी पाच गुणांसाठी पाठ केलं होतं.

दिवाळीनंतर दुसऱ्या टप्प्याला गेले, तर वर्ग निम्मा. मधली रांगच नव्हती. “पोरं कुठं गेली?” खिचडी शिजवणाऱ्या बाईंना विचारलं. “भट्टीवर.” भात कापून झाला की आईबाप आगाऊ उचल घेतात आणि बिऱ्हाड पाठीवर टाकून वीटभट्टीला जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. पोरांना कुणाकडे ठेवणार? “कुठल्या भट्टीवर?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “तुमच्याकडंच की. वसईच्या अंगाला, भिवंडीला.”

घरी त्याच महिन्यात काकांच्या घराचा मजला चढत होता. अंगणात विटांची थप्पी लागलेली. मी लहानपणापासून अशा थप्प्यांवर चढून खेळले आहे. त्या संध्याकाळी मात्र तिच्याजवळून जाववेना.

नाताळ झाल्यावरच्या रविवारी मिस्सा आटोपून आईला म्हटलं, चल माझ्याबरोबर. आम्ही पूर्वेला, हायवेपलीकडच्या भट्टीवर गेलो. माझी पोर तिथं नव्हती. पण तिच्याच वयाची सात मुलं होती; एक चिखल तुडवत होती, एक भाऊ सांभाळत होती, बाकीची कच्च्या विटा उलटत होती. मुकादमानं कपाळाला आठ्या घातल्या, पण आईनं त्यालाही डब्यातला केक दिला. एका बाईनं तीच शंका काढली, “धरमाचं शिकवता का?”

“नाही हो, पाढे,” मी म्हटलं.

एप्रिलपर्यंत जमतील तेवढे रविवार गेलो. दोघांना वाचता येऊ लागलं, बाकीच्यांना अक्षरओळख झाली. याहून जास्त झालं असं सांगितलं तर खोटं होईल. त्यातल्या एकालाही मी तिथल्या शाळेत घालू शकले नाही. दाखला नाही, वर्ष संपत आलं, अशी उत्तरं मिळाली आणि मीही ती मुकाट्यानं ऐकून घेतली.

आज ती ऐकून घ्यायचं कारण नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाच्या दाखल्यावाचून शाळेत घ्यावं लागतं, वर्षाच्या मध्येसुद्धा, आणि त्याच्या वयाला साजेशा वर्गात. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्डही आहे. जुन्या शाळेनं ते दिलं की नव्या शाळेला मूल कुठवर शिकलं ते कळतं. तुमच्या सोसायटीशेजारी इमारत उठत असेल, गावाबाहेर भट्टी असेल, तर तिथल्या आईला आधी विचारा, पोरं किती वर्षांची, आणि मग तिला जवळच्या शाळेत घेऊन जा. एकटीला पाठवू नका. मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारातूनच ती परत येते. तुम्ही सोबत असलात की खुर्ची मिळते, असा माझा अनुभव आहे.

पोर नंतर मला भेटली नाही. माझे पाठ संपले तेव्हा पाऊस लांब होता, बिऱ्हाडं परतली नव्हती. टाचणवही अजून माझ्या कपाटात आहे, कव्हराच्या आत पाकिटासकट. गोंद कधीच सुटलाय, टिकल्या गळतात, आणि माझी मुलगी त्या वेचून आरशाला लावते.

शेवळं आता मी स्वतः करते. काकडं मिळाली नाहीत तर त्या दिवशी करत नाही.