पहिला सोबती कोणता निवडावा?

दहावीचा निकाल लागला की आमच्या संग्रामपूर तालुक्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. आर्ट्स, कॉमर्स की सायन्स? मुलांना विचारणारे थोडे आणि सांगणारेच फार. यंदा माझी भाची पास झाली. "भाऊ, तुमी शिकेल माणूस, तुमीच ठरवा," असे म्हणून भाऊजींनी तिला माझ्याकडे पाठविले. ती आली ती हातात एक जुना गेमबॉय घेऊन. पुण्याला कंपनीत असलेल्या तिच्या चुलतभावाने तो दिला होता. खेळाचे नाव पोकेमॉन. परीक्षा संपलेली होती, म्हणून मी रागावलो नाही. शेजारी बसून पाहू लागलो.

हा खेळ जपानचा. सातोशी ताजिरी या गृहस्थांना लहानपणी टोकियोजवळच्या माचिदा येथे किडे पकडून जमविण्याचा नाद होता. पुढे शहर वाढले, तळी आणि झाडी गेली. शहरातल्या मुलांनाही तो आनंद मिळावा म्हणून त्यांनी हा खेळ रचला. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तो जपानात विक्रीस आला. त्यात १५१ काल्पनिक प्राणी आहेत. पण सुरुवातीला मिळतो एकच.

ओक नावाचे प्राध्यापक तीन चेंडू समोर ठेवतात. एकात बल्बासॉर, पाठीवर कंद असलेला, वनस्पतीच्या गुणाचा. दुसऱ्यात चार्मँडर, शेपटीच्या टोकावर ज्योत असलेला. तिसऱ्यात स्क्विर्टल, पाण्यातले कासव. पाणी विस्तव विझवते, विस्तव पाला जाळतो, आणि पाला पाणी पिऊन वाढतो. शेतकऱ्याच्या लेकराला हे शिकवावे लागत नाही. म्हणजे प्रत्येक जण एकाला भारी आणि दुसऱ्याला हलका. त्यातही प्राध्यापकांचा नातू आपल्यानंतर निवडतो, आणि नेमका आपल्याला भारी पडणारा उचलतो.

पुढे आठ आखाडे जिंकायचे असतात. पहिला ब्रॉकचा, दगडाच्या प्राण्यांचा. तेथे पाणी आणि वनस्पती दोन्ही चालतात, विस्तव फारसा चालत नाही. दुसरा मिस्टीचा, पाण्याच्या प्राण्यांचा. तेथे वनस्पती सरस, विस्तवाची पुन्हा पंचाईत. कारकुनी सवयीने मी हिशेब मांडला आणि सांगितले, "बल्बासॉर घे. पहिले दोन्ही आखाडे सोपे जातील."

भाची म्हणाली, "मामा, सोपं हाये म्हनून घ्याचं का? मले हाच आवडते." आणि तिने चार्मँडर घेतला.

ब्रॉकसमोर ती दोनदा हरली. 'सांगितलं होतं ना' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण ती मागे जंगलात गेली आणि एक सुरवंट धरून आणला. सातव्या पायरीला त्याचा कोश झाला, दहाव्या पायरीला फुलपाखरू. बाराव्या पायरीला ते मनाच्या शक्तीने वार करायला शिकले. त्या वाराला दगड अडवू शकत नाही. ब्रॉक हरला. चार्मँडर होता तेथेच होता. त्याच्या जोडीला फक्त दुसरा कोणी आला.

या खेळात एकूण सहा प्राणी सोबत ठेवता येतात. म्हणून पहिली निवड शेवट ठरवीत नाही. कोणती अडचण आधी येणार, एवढेच ती ठरविते. १९९८ साली याच खेळाची पिवळी आवृत्ती जपानात निघाली. तिच्यात निवडच नाही, पिकाचू नावाचा प्राणी हाती दिला जातो. तरीही वाटेत ते तिघेही निरनिराळ्या माणसांकडून मिळू शकतात. सुटलेले कायमचे सुटत नाही.

मी बी.कॉम. झालो तेव्हा मला कोणी विचारले नव्हते. जवळ जे होते ते घेतले. नोकरी लागली, संसार झाला, तक्रार नाही. पण तुला काय आवडते, असे एकदा कोणी विचारले असते तर बरे वाटले असते.

अर्थात जीवन म्हणजे खेळ नव्हे. खेळ पुसून पुन्हा सुरू करता येतो, फी, एस.टी.चा पास आणि गेलेले वर्ष परत येत नाही. म्हणून पालकांनी गप्पही बसू नये. पुढच्या रस्त्यावर पहिला ब्रॉक कोण उभा आहे, ते मुलांना आधीच सांगावे. गणित कच्चे असेल तर तसे सांगावे, कॉलेज दूर असेल तर तेही सांगावे. मग चेंडू मुलांनाच उचलू द्यावा. आणि ती हरली तर टोमणा न मारता तिच्यासाठी दुसरा सोबती शोधावा.

भाचीने सायन्सचा फॉर्म स्वतःच्या हाताने भरला. तिचे गणित जेमतेम आहे, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. गावातले एक सेवानिवृत्त गुरुजी रविवारी शिकवायला तयार झाले आहेत. भाऊजींना मी एवढेच सांगितले, "ठरवायचे होते ते तिने ठरवले. आता आपण सोबत राहायचे."