कव्हर तेच, गाणी तीच. मग रेकॉर्डच्या किमतीत एवढा फरक का? समजून घ्या 'फर्स्ट प्रेसिंग'

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीचं केदारेश्वर मंदिर चालुक्यकालीन आहे, हे त्याची बांधणी आणि शिल्पं पाहून अभ्यासक सांगतात. जुन्या रेकॉर्डचंही तसंच आहे. कव्हरवरचं साल बहुतेकदा अल्बमचं असतं. हातातली तबकडी कधी निघाली, हे तिच्यावरच्या खुणा सांगतात. ट्रंकेतली रेकॉर्ड भंगारात देण्याआधी किंवा 'ओरिजिनल' म्हणून ऑनलाइन पैसे मोजण्याआधी या खुणा वाचता यायला हव्यात.

इलेक्ट्रिक ब्लूज म्हणजे काय?

अमेरिकेच्या दक्षिणेतून शिकागोत आलेल्या कृष्णवर्णीय कलाकारांनी गावाकडच्या ब्लूजला विजेवरच्या गिटारची जोड दिली. मडी वॉटर्स यांच्या रेकॉर्ड तिथल्या 'चेस' कंपनीने काढल्या. बी. बी. किंग यांचा 'लाइव्ह अ‍ॅट द रीगल' १९६५मध्ये आला, तर १९६६मध्ये ब्रिटनमध्ये जॉन मेयॉल आणि एरिक क्लॅप्टन यांचा 'ब्लूज ब्रेकर्स'. आपल्याकडेही या संगीताचे चाहते आहेत. मुंबईत २०११मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, तेव्हा शिकागोचे बडी गाय तिथे वाजवून गेले.

'फर्स्ट प्रेसिंग' कशाला म्हणतात?

आधी टेपवरचा आवाज लाखेसारखा लेप दिलेल्या तबकडीवर कोरतात. तिच्यावरून धातूचे साचे बनतात आणि साच्यात व्हिनाइल दाबून रेकॉर्ड निघते. अल्बम पहिल्यांदा बाजारात आला त्या वेळची ही छपाई म्हणजे 'फर्स्ट प्रेसिंग'. साचे झिजतात, मग नवे करावे लागतात. अनेक वर्षांनी पुन्हा छपाई होते तेव्हा कधी टेप जुनी झालेली असते, कधी तिची नक्कल वापरली जाते. म्हणून संग्राहक पहिल्या छपाईसाठी जास्त पैसे मोजतात. अर्थात, नीट केलेली नवी आवृत्ती घासलेल्या जुन्या रेकॉर्डपेक्षा चांगली वाजू शकते.

ओळखायची कशी?

• लेबलजवळची मोकळी पट्टी : गाणी संपल्यावर उरणाऱ्या गुळगुळीत भागात अंक-अक्षरं कोरलेली असतात. ती साच्याची ओळख. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून वाचा.
• लेबल : रंग आणि चिन्ह काळानुसार बदलत गेलं. 'ब्लूज ब्रेकर्स'च्या पहिल्या ब्रिटिश मोनो छपाईवर लाल लेबल आहे आणि 'डेक्का' या नावाभोवती चौकट नाही. चौकट असेल तर छपाई नंतरची.
• बारकोड : कव्हरवर छापलेला बारकोड दिसला, तर ते १९६०च्या दशकातलं नाही.
• देश : अमेरिकी अल्बमची भारतात झालेली छपाई मूळ अमेरिकी प्रत ठरत नाही.

भारतातल्या रेकॉर्डचं काय?

एचएमव्हीच्या असंख्य रेकॉर्ड कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यात निघाल्या. तिथे छापलेल्या नाट्यगीत, भावगीत आणि शास्त्रीय संगीताच्या पहिल्या छपाईलाही संग्राहकांकडे किंमत आहे. मुंबईत १९९०मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली, ती अशाच जुन्या ध्वनिमुद्रणांच्या जतनासाठी. मुंबईच्या चोर बाजारातही जुन्या रेकॉर्ड शोधणाऱ्यांची पावलं वळतात.

घेताना, जपताना

• विक्रेत्याकडे लेबलचा आणि कोरलेल्या अंकांचा स्पष्ट फोटो मागा. टाळाटाळ झाली तर व्यवहार थांबवा.
• नुसतं 'मिंट' लिहिलंय म्हणून भुलू नका, ओरखड्यांबद्दल विचारा.
• रेकॉर्ड उभ्या ठेवा. एकावर एक रचल्या किंवा मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली राहिल्या, तर वाकतात.
• लाखेच्या जुन्या ७८ आरपीएम तबकड्या स्पिरिटने पुसू नका. लाख त्यात विरघळते.

भंगारात रेकॉर्ड फक्त वजनावर जाते. तिच्यावरची ती बारीक अक्षरं वाचायला मात्र दोन मिनिटं पुरतात.