अकाली तोडलेल्या सशाच्या पिलाची निगा

सशाचे पिलू १० ते १२ दिवसांनी डोळे उघडते व तिसऱ्या आठवड्यात गवत कुरतडू लागते. खाऊ लागले म्हणजे ते आईवेगळे करण्याजोगे झाले, हा समज घातक आहे. आईच्या दुधामुळे पिलाच्या आतड्यात रोगजंतूंची वाढ रोखली जाते. ते दूध अकाली तुटल्यास हगवण लागून पिलू दगावते. यास्तव ८ आठवडे पुरे होण्यापूर्वी पिलू विकत घेऊ नये.

लहान पिलू घरी आलेच असेल, तर ते शक्यतो आईकडे परत पोचवावे. ते न साधल्यास पूर्वीचाच खुराक चालू ठेवून ८-१० दिवसांत नवे खाद्य थोडे थोडे वाढवावे. सुके, बुरशी नसलेले गवत व स्वच्छ पाणी सदैव पुढे असावे. कोबी, भाकरी व गूळ देऊ नये. पेटी कोरडी, उबदार व कुत्र्यामांजरांपासून सुरक्षित असावी. पिलू स्वतःची मऊ लेंडी खाते. ते नैसर्गिक असून पचनास आवश्यक आहे, म्हणून अडवू नये.

पिलाने अर्धा दिवस खाणे सोडल्यास किंवा त्यास पातळ हगवण लागल्यास ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. माणसांची औषधे देऊ नयेत. पेनिसिलिन पोटात गेल्यास आतड्यातील उपयुक्त जंतू मरून पिलाचा प्राण जाऊ शकतो. ग्रामसेवकांनी ही माहिती ससे पाळणाऱ्या कुटुंबांस अवश्य समजावून द्यावी.