सॅमच्या स्मृतीला संशोधनाची जोड

'प्रोजेरिया' हा शब्द अनेक मराठी वाचकांना ठाऊक झाला तो २००९ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'पा' या हिंदी चित्रपटामुळे. अमिताभ बच्चन यांनी साकारलेला ऑरो काल्पनिक होता. मात्र, त्याच काळात अमेरिकेतील फॉक्सबरो या गावी सॅम बर्न्स हा मुलगा हाच आजार अंगावर वागवत शाळेत जात होता. १० जानेवारी २०१४ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी त्याचे निधन झाले. गेलेल्या अपत्याची स्मृती कशी जपावी, याचे एक वेगळे उत्तर त्याच्या आई-वडिलांच्या कार्यातून मिळते.

सुमारे ४० लाख जन्मांमागे एका बालकाला होणारा हा आजार जन्मतः दिसून येत नाही. पहिल्या दोन वर्षांत मुलाची वाढ खुंटते, केस गळतात, सांधे आखडतात. बुद्धी शाबूत राहते. रक्तवाहिन्या मात्र वृद्धांप्रमाणे कठीण होत जातात. उपचार न मिळाल्यास ही मुले सरासरी साडेचौदा वर्षे जगतात आणि बहुधा हृदयविकाराने दगावतात.

१९९८ मध्ये सॅमच्या आजाराचे निदान झाले, तेव्हा त्यावर ना निश्चित चाचणी होती, ना औषध. आई डॉ. लेस्ली गॉर्डन व वडील डॉ. स्कॉट बर्न्स या दोघांनी १९९९ मध्ये सॅमच्या मावशीच्या साथीने 'प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशन' स्थापन केले. संस्थेला त्यांनी मुलाचे नाव दिले नाही, आजाराचे दिले. एका घरचे दुःख त्यामुळे जगभरातील अशा सर्व मुलांचे कार्य झाले.

संस्थेने रुग्णांच्या पेशी व ऊती जतन करणारी पेढी उभारली. २००३ मध्ये आजाराचे कारण सापडले. पेशीकेंद्राला आधार देणारे प्रथिन ज्या जनुकापासून बनते, त्यातील एका अक्षराच्या बदलामुळे 'प्रोजेरिन' हे सदोष प्रथिन तयार होते. ते केंद्राच्या आवरणाला चिकटून पेशी निकामी करते. कर्करोगासाठी विकसित झालेले 'लोनाफार्निब' हे औषध हे चिकटणे रोखू शकेल, अशी शास्त्रज्ञांना आशा वाटली. २००७ मध्ये बोस्टन येथे १६ देशांतील २८ मुलांवर त्याची चाचणी सुरू झाली. सॅम त्यांपैकी एक होता.

नोव्हेंबर २०२० मध्ये या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. सॅमला जाऊन तेव्हा जवळजवळ सात वर्षे झाली होती. या औषधाने आजार बरा होत नाही. आयुष्य सरासरी अडीच वर्षांनी वाढते. चौदा-पंधरा वर्षांच्या आयुष्यात ही भर थोडी नव्हे. डॉ. गॉर्डन यांनी काम थांबवले नाही. त्यांचा सहभाग असलेल्या आणि २०२१ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जनुकातील दोष दुरुस्त केल्यावर उंदरांचे आयुष्य दुपटीहून अधिक वाढल्याचे दिसले.

तथापि, सॅमची ओळख केवळ रुग्ण म्हणून ठेवणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. त्याला शाळेच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा होता. वाद्य व पट्टा मिळून १८ किलोंचा भार; त्याचे स्वतःचे वजन जेमतेम २३ किलो. पालकांनी एका अभियंत्याकडून तीन किलोंहूनही हलका साज बनवून घेतला आणि सॅम संचलनात उतरला. आपले आयुष्य अतिशय आनंदी आहे, हेच लोकांना कळावे, असे त्याने २०१३ मधील एका जाहीर भाषणात सांगितले होते.

आपल्याकडे स्मृतिप्रीत्यर्थ पाणपोई बांधतात, शाळेत पारितोषिक ठेवतात. त्यामागील भावनाही हीच असते. प्रत्येक शोकग्रस्त कुटुंबाला संस्था उभारणे शक्य नसते, तशी अपेक्षाही करू नये. पण प्रोजेरियाचे संशोधन पुढे गेले ते अनेक अनाम पालकांनी आपल्या मुलांच्या पेशींचे नमुने दिले म्हणून. मूल गेल्यावरही त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवता येतात. सॅमची आठवण काढताना या मुलांचेही ऋण मानले पाहिजे.