आधी माळ, मग नाला

2025 च्या सप्टेंबरात जायकवाडीतून 3 लाख क्युसेकहून जास्त पाणी सुटलं आणि पाथरी, सोनपेठ, गंगाखेडच्या गोदाकाठचं सोयाबीन पाण्याखाली गेलं. सगळ्यांचं लक्ष नदीकडे होतं. मला लागलं ते ऑक्टोबरच्या मदतीतलं एक कलम: खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख, शिवाय रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंतचं काम. माती वाहून गेल्यावर मिळणारा हा पैसा. ती जागेवर धरण्यासाठी राबणारी माणसं मी पाहिली आहेत.

1972 च्या दुष्काळावर, त्याच वर्षी परभणीत आलेल्या कृषी विद्यापीठावर पुष्कळ लिहून झालंय. मला आठवतं ते 1983 नंतरचं दशक. राज्यानं सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम आणला. सगळे त्याला 'कॉवडेप' म्हणत. माथ्यापासून पायथ्यापर्यंत एक पाणलोट एकत्र धरायचा, हे त्याचं सूत्र. जिंतूरच्या माळावर दोन काठ्यांना पाण्याची पारदर्शक नळी बांधून दोघं चालत. दोन्हीकडची पातळी जुळली की तिथं फक्कीची खूण पडायची. त्या खुणांवरून चर खणला जायचा, बाया घमेल्यानं माती खालच्या अंगाला रचायच्या. घाईला वाव नसलेलं, डोळ्यांत तेल घालून करायचं काम होतं ते.

त्यातही चुका झाल्या, आणि त्या चुकांचा माझा राग अजून गेलेला नाही. आपली भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात समपातळी बांध घातला की पहिलं पाणी भेगेतून शिरून बांध फोडतं. नाही फुटला तर पाणी तुंबून पीक पिवळं पडतं आणि शेतकरी स्वतःच तो फोडतो. तिथं ढाळीचे बांध आणि गवताचा सांडवा हवा. पण साहेबांकडून अख्ख्या तालुक्याला एकच अंदाजपत्रक यायचं. शेतकऱ्यांचं कुणी ऐकलं नाही. वर तेच आडमुठे ठरले.

पुढं 1992 ला जलसंधारणाचं वेगळं खातं झालं, योजनांची नावं बदलत राहिली. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार आलं आणि यंत्रं नाल्यात उतरली. खोलीकरण डोळ्यांत भरतं, उद्घाटनाला सोयीचं असतं. माळावरचा चर कुणाला दिसत नाही. 2020 मध्ये कॅगनं सांगितलं की 9,634 कोटी रुपये खर्चूनही भूजल वाढवण्यात या अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही. तोवर जिंतूरकडचे जुने चर गाळानं भरून सपाट होत होते.

आज महसूल मंडळात 65 मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद होते. त्यातलं किती पाणी उतारावरून धावलं, किती माती घेऊन गेलं, हे त्या पत्रकात नसतं. नाल्यावर खाचेची छोटी भिंत बांधून वाहतं पाणी मोजता येतं. शेतकऱ्याच्या शाळकरी पोरालाही तिच्यावरची मोजपट्टी वाचता येईल.

त्या 3 लाखांचं काम खरडलेल्या शेतात माती टाकून सुरू करू नये. आधी वरच्या माळावरचे बुजलेले चर उपसा, घळींना दगडी बांध घाला, आणि मोजमापाची भिंत मृगाच्या आत उभी करा.