परदेशी हॉटेलातला मुक्काम : भीड सोडा, तब्येत सांभाळा

"डॉक्टर, मुलाकडे दुबईला चाललोय. प्रवासाच्या गोळ्या लिहून द्या," असे सांगत येणारे आईवडील आता आमच्यासारख्या गावातल्या दवाखान्यातही नवे राहिलेले नाहीत. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला असते. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस किंवा एकसष्टी साधून मुले आईवडिलांना दोनतीन रात्री मोठ्या पंचतारांकित हॉटेलात ठेवतात. त्यात हौस असते, कौतुक असते. पण आयुष्यभर साध्या घरात राहिलेल्या माणसाला त्या झगमगाटाचे दडपण येते. विचारावे कसे, मागावे कसे, लोक काय म्हणतील, या विचाराने तो गप्प बसतो. माझ्या अनुभवात अशा मुक्कामात तब्येत बिघडण्याचे मोठे कारण हा संकोचच असतो.

एक उदाहरण सांगतो. माझे एक रुग्ण, सेवानिवृत्त शिक्षक, वय ६८, मधुमेही. सकाळी नेहमीप्रमाणे त्यांनी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि पत्नीसह नाश्त्याला गेले. दारात उभ्या असलेल्या बाईने इंग्रजीत काहीतरी विचारले. गुरुजींना वाटले, पैसे मागते आहे. भिंतीवरचे दर पाहून दोघेही मुकाट्याने खोलीत परतले. मुलगा दुपारी येणार होता, तोवर पाण्यावर काढू असे ठरले. साडेदहाच्या सुमारास लिफ्टसमोर गुरुजींना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरले आणि ते खाली बसले. साफसफाई करणाऱ्या एका नेपाळी मुलाने प्रसंग ओळखून फळांचा रस आणून पाजला, म्हणून निभावले. त्या बाईने फक्त खोलीचा नंबर विचारला होता. नाश्ता खोलीच्या भाड्यातच धरलेला होता.

भीड भिकेची बहीण म्हणतात. मधुमेही माणसाच्या बाबतीत ती भिकेपेक्षाही वाईट ठरू शकते. म्हणून दुबईचे उदाहरण धरून आज काही गोष्टी क्रमाने सांगतो. यातल्या बहुतेक सूचना सिंगापूर, बँकॉक किंवा लंडनलाही लागू पडतील. औषधांचे कायदे आणि मदतीचे फोन नंबर मात्र प्रत्येक देशाचे वेगळे असतात.

निघण्यापूर्वी : औषधे आणि खसखस

संयुक्त अरब अमिरातीत औषधांचे कायदे फार कडक आहेत. आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी काही औषधे तिथे नियंत्रित आहेत. गुडघेदुखीसाठीचे ट्रॅमाडॉल, खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन, झोपेसाठीचे अल्प्राझोलाम व डायझेपाम आणि मधुमेहात पायांची आग होते त्यासाठीचे प्रीगॅबालिन ही त्यांतली प्रमुख नावे. ही औषधे न्यायची असतील तर तिथल्या सरकारकडून आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. जाण्याआधी किमान महिनाभर आपल्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवाव्यात. नियंत्रित गोळीऐवजी दुसरी चालण्यासारखी असेल तर ते बदलून देतील.

गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरण्याची सवय प्रवासापुरती सोडावी. मूळ पट्टी, दुकानाचे बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकत्र ठेवावी. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्यावे, कारण आपल्याकडची कंपनीची नावे तिकडे कोणाला कळत नाहीत. मुक्कामाला पुरतील आणि वर चारसहा दिवसांच्या, एवढ्याच गोळ्या न्याव्यात. सगळी औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. मोठी बॅग चुकली तर ती औषधेही घेऊन जाते.

आता खास आईमंडळींसाठी. अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून निघते. मुलाला आवडतात म्हणून अनारसे न्याल, तर त्यांच्यावर खसखस लावलेली असते. काही मसाल्यांत आणि लाडवांतही ती असते. हौसेपायी विमानतळावर अडकून पडण्याची वेळ आणू नये. त्याऐवजी चिवडा न्यावा.

प्रवासाचा आरोग्य विमा जरूर उतरवावा. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असेल तर अर्जात तो स्पष्ट लिहावा. लपवलेला आजार ऐन वेळी विमा नाकारायला कारण होतो.

पोहोचल्यावर काउंटरवर चार प्रश्न

खोलीची किल्ली घेताना मुलगा सोबत असेल तेव्हाच चार गोष्टी विचारून घ्याव्यात. नाश्ता भाड्यात आहे का आणि तो किती वाजल्यापासून मिळतो? खोलीतल्या कोणत्या वस्तू मोफत आहेत? औषधासाठी फ्रिज मिळेल का? रात्री बरे वाटेनासे झाले तर फोनचे कोणते बटण दाबायचे?

सुरुवातीलाच हॉटेल काही रक्कम अनामत म्हणून अडकवून ठेवते. याशिवाय दुबईत २०१४ पासून 'टुरिझम दिरहम' नावाचा कर आहे. पंचतारांकित हॉटेलात तो दर खोलीमागे रात्रीला २० दिरहम असतो. हे आधी ठाऊक असले म्हणजे "आपल्यावर काहीतरी बिल चढते आहे" ही धास्ती राहत नाही. या धास्तीपोटी पाण्याच्या बाटलीला हात न लावणारी माणसे मी पाहिली आहेत. टेबलावरची मोफत म्हणून लिहिलेली बाटली खुशाल फोडावी. वातानुकूलित खोलीत हवा कोरडी असते, तहान जाणवत नाही आणि लघवीला जळजळ सुरू होते. म्हाताऱ्या माणसांनी तहान लागण्याची वाट पाहू नये.

भाषेची चिंता करू नये. दुबईच्या हॉटेलांत काम करणारे पुष्कळ लोक भारत, नेपाळ आणि पाकिस्तानातले असतात. सरळ हिंदीत विचारावे.

इन्सुलिन आणि मिनिबार

खोलीतल्या छोट्या फ्रिजला मिनिबार म्हणतात. त्यातल्या शीतपेयांचे पैसे पडतात. काही हॉटेलांत तर बाटली जागची हलवली तरी यंत्रात नोंद होते. इन्सुलिनला जागा करण्यासाठी आतले सामान बाहेर काढून ठेवू नये. रिसेप्शनला सांगितल्यास बहुतेक ठिकाणी औषधासाठी वेगळी सोय करून देतात.

मुळात, वापरात असलेली इन्सुलिनची बाटली किंवा पेन २५ अंशांच्या आसपासच्या खोलीत साधारण चार आठवडे चांगले राहते. खोक्यावरची सूचना पाहून घ्यावी. न उघडलेला साठा तेवढा फ्रिजमध्ये ठेवावा, तोही बर्फाच्या कप्प्याला न टेकवता. एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. तसेच उन्हात उभ्या मोटारीत पिशवी विसरू नये. दुबईच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. बंद गाडीत त्याहून कितीतरी अधिक ताप असतो.

घड्याळ आणि जेवण

दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. आपले आठ वाजतात तेव्हा तिथे साडेसहा झालेले असतात. सकाळी आठला खाण्याची सवय असलेल्या माणसाला तिथे साडेसहालाच भूक लागते. रात्री उलटे होते. वाळवंटाच्या सहलीत जेवण साडेआठला मिळाले तर आपल्या शरीराच्या हिशेबाने दहा वाजलेले असतात. म्हणून साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घड्याळ पाहून घेऊ नये. जेवण समोर येणार याची खात्री झाली की मग घ्यावे.

नाश्त्याच्या दालनात पन्नास पदार्थ मांडलेले असतात. आधी एक फेरी मारून सगळे पाहावे, मग ताट घ्यावे. अंडी, कडधान्य, दही, काकडी-टोमॅटो, पाव किंवा इडली असे पोटभर खावे. फळांच्या रसाऐवजी अख्खे फळ घ्यावे. खजूर एखाददुसरा पुरे. शाकाहारी मंडळींनी प्रत्येक पदार्थात काय आहे ते विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही, ते सांगणे तिथल्या माणसाचे कामच असते.

खोलीत चहाची किटली आणि साखरेच्या पुड्या ठेवलेल्या असतात. मधुमेही माणसाने त्यांतल्या चार पुड्या नेहमी खिशात ठेवाव्यात. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असे झाले तर तीनचार पुड्या पाण्यात विरघळवून घ्याव्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी आणि काहीतरी खावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, लगेच रुग्णवाहिका बोलवावी.

न्हाणीघर : सर्वांत धोक्याची जागा

संगमरवरी फरशी ओली झाली की काचेसारखी निसरडी होते. त्यात अंघोळीचा टब उंच काठाचा. एक पाय आत, एक बाहेर, आधाराला काही नाही, अशा अवस्थेत माणूस पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. खोली ठरवतानाच टब नसलेली, उभ्याने किंवा बसून शॉवर घेता येईल अशी खोली मागावी. अपंगांसाठीच्या खोल्यांत भिंतीला धरायच्या दांड्या असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी ती खोली मागायला हरकत नाही. न घसरणारी रबरी चटई आणि बसायला स्टूल मागून घ्यावे.

गरम-गार पाण्याचा नळ एकच असतो. आधी थंड पाणी सोडावे, मग हळूहळू दांडी गरमाकडे न्यावी, हाताने पाहावे आणि मगच अंगावर घ्यावे. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांनी पायाने पाणी पाहू नये, भाजलेले कळत नाही. याच कारणाने पोहण्याच्या तलावाजवळच्या तापलेल्या फरशीवर किंवा किनाऱ्याच्या वाळूत अनवाणी चालू नये. न्हाणीघराची आतली कडी लावू नये, दार नुसते लोटून घ्यावे.

रात्री जाड पडद्यांमुळे खोलीत मिट्ट काळोख होतो. न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून दार किलकिले ठेवावे. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी झटकन उठू नये. मिनिटभर काठावर बसावे, मग उभे राहावे.

थंडावा, ताप आणि आग

खोलीचे तापमान २४ अंशांवर ठेवावे. बाहेर ४२ आणि आत १८, असा दिवसातून पाच वेळा फेरा झाला की दम्याच्या रुग्णाला त्रास होतो. अंगावर शाल आणि जवळ दम्याचा पंप असू द्यावा. वाफ घेण्याचे यंत्र किंवा कुठलाही चार्जर नेत असाल तर लक्षात ठेवावे की तिथले प्लग तीन चपट्या पिनांचे असतात. आपली गोल पिन बसत नाही. जोडणी रिसेप्शनवर मिळते.

मोठ्या हॉटेलशी जोडलेला एक आजार वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एका नामांकित हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. तिथून परतलेल्यांना न्यूमोनिया झाला आणि २९ जण दगावले. जानेवारी १९७७ मध्ये त्याचा जिवाणू सापडला. या आजाराला 'लीजनेअर्स' म्हणतात. हा जिवाणू साठलेल्या कोमट पाण्यात वाढतो आणि तुषारांवाटे फुप्फुसात जातो. घाबरण्याचे कारण नाही, हा आजार क्वचितच होतो आणि वेळेत प्रतिजैविके दिली तर बरा होतो. पण परतल्यावर दोन आठवड्यांत ताप, खोकला, धाप लागली तर डॉक्टरांना "मी हॉटेलात राहून आलो" हे आवर्जून सांगावे.

३१ डिसेंबर २०१५ च्या रात्री दुबईतल्या ६३ मजली अ‍ॅड्रेस डाउनटाउन हॉटेलला आग लागली आणि इमारत रिकामी करावी लागली. खोलीत शिरल्यावर दारामागचा नकाशा पाहावा आणि आपल्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारे आहेत ती मोजावीत. धुरात दिसत नाही, मोजलेले उपयोगी पडते. आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नये. गुडघे दुखत असतील तर खालचा मजला मागावा.

खिशात ठेवायची चिठ्ठी

एका कागदावर इंग्रजीत एवढे लिहून घ्यावे : नाव, वय, आजार, चालू औषधे, कशाची अ‍ॅलर्जी, हॉटेलचे नाव व खोलीचा नंबर, मुलाचा फोन, विम्याचा नंबर. खाली दुबईचे तीन नंबर लिहावेत : रुग्णवाहिका ९९८, अग्निशमन ९९७, पोलीस ९९९. चिठ्ठीच्या दोन प्रती कराव्यात, एक स्वतःच्या खिशात आणि दुसरी सहचाऱ्याच्या पर्समध्ये. मुलांनीही आईवडिलांना खोलीत सोडून लगेच निघू नये. अर्धा तास थांबून नळ, दिवे, फोन आणि नाश्त्याची जागा त्यांना दाखवून द्यावी.